शब्दचर्चा: ‘ओव्हर्टन विंडो’ला मराठीत काय म्हणाल?

गुहागरहून

एका दिवाळी अंकासाठी लेखाचं भाषांतर करतोय. त्यात ‘ओव्हर्टन विंडो’ हा शब्द पानापानावर येतो. अर्थ साधारण असा: एखाद्या विषयावर त्या त्या काळात चारचौघांत जेवढी मतं बोलता येतात, पुढाऱ्याला निवडणुकीची धास्ती न बाळगता मांडता येतात, तेवढा पट्टा. त्याच्या पलीकडचं बोलाल तर लोक वेड्यात तरी काढतील किंवा अंगावर तरी येतील. आणि हा पट्टा कायमचा एका जागी नसतो.

मी सरळ ‘ओव्हर्टनची खिडकी’ लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कोण रे हा? आणि खिडकीत बसून बघतोय काय?” तिचं चुकलं नाही. आपल्याकडे खिडकी वाऱ्याला, बघायला, नाहीतर तिकिटाला. बोलण्याशी तिचा काय संबंध? ‘मतावकाश’, ‘विचारकक्षा’ असले धोंडे सुचले, पण मलाच पचेनात.

दापोलीहून

आत्याला नमस्कार सांगा. पण खिडकी का, ते आधी बघू. जोसेफ ओव्हर्टन अमेरिकेत मिशिगनमधल्या मॅकिनॅक सेंटर या धोरण-अभ्यासाच्या संस्थेत होता. आपली संस्था नेमकं काय करते हे समजावायला त्याने १९९० च्या दशकात एक पुठ्ठ्याची पट्टी केली. एका विषयावरची शक्य ती सगळी धोरणं एकाखाली एक, आणि त्यावरून सरकणारी चौकट. चौकटीत येईल तेवढंच पुढारी हातात धरतो. पट्टी उभी, ती मुद्दाम, म्हणजे डावं-उजवं मनात येऊ नये. २००३ साली तो विमान अपघातात गेला. कल्पनेला त्याचं नाव सहकाऱ्यांनी मागाहून दिलं.

म्हणजे ही खिडकी सरकती. आमच्या जुन्या घराची खिडकी झडपांची आणि गजांची, ती उघडते किंवा मिटते. सरकती आली ती ॲल्युमिनियमची. तिच्या खाचेत वाळू आणि खारं बसतं. पावसाळा संपल्यावर दोन्ही हातांनी ओढा, ढिम्म हलत नाही, आणि मग एकदम सुटून बोट चेचते.

दुसरं, क्रियापद. वर्तमानपत्रात सर्रास ‘अमुक नेत्याने खिडकी सरकवली’ असं लिहितात. ओव्हर्टनचं म्हणणं जवळजवळ उलट होतं. पुढारी बहुतेक वेळा खिडकी कुठे आहे ते बघून उभा राहतो. ती हलते समाजात, पुढाऱ्यांच्या बाहेर. ‘सरकली’ आणि ‘सरकवली’ असा भेद मराठीत आयता आहे, तो घालवू नका.

आता शब्द. मी ‘पंगत’ म्हणेन. अमुक मत अजून पंगतीला बसलेलं नाही, तमुक वाळीत पडलंय. आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं. गावाने बहिष्कार घातला. गंमत अशी की विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा! सदतीस वर्षं कागदावर मान्य असलेली गोष्ट मुरूडच्या ओटीवर अमान्यच होती. त्याच कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं.

त्यांचा मुलगा र. धों. मात्र संततिनियमन आणि लैंगिक विषयांवर लिहून अश्लीलतेच्या खटल्यांत अडकला. १९३४ च्या खटल्यात त्याच्या बाजूने वकील म्हणून आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला, आणि १९५३ मध्ये र. धों. गेले. बापाचं मत पंगतीत आलं तेव्हा बाप बघायला होता. मुलाच्या पदरात तेवढंही नीटसं पडलं नाही.

अलिबागहून

‘पंगत’ ऐकायला बरं आहे, पण माझी हरकत आहे. पंगतीला कोण बसायचं हे ठरवणारे गावातले चार जण असतात, आणि वाढपी त्यांचा. ओव्हर्टनच्या पट्टीला असा यजमान नाही. शिवाय पंगतीतून उठवलेल्यांना हा शब्द कसा वाटेल?

आणि दुसऱ्या टोकाचं काय? सगळे नवीन मत आत येण्याबद्दल बोलतात, जुनं बाहेर पडतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. १९३७ साली आंबेडकरांनी खोती, म्हणजे या खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक आणलं, तेव्हा कित्येकांना ते आक्रस्ताळं वाटलं असणार. १९४९ मध्ये कायदा झाला. आज खोती पुन्हा आणा म्हणणाऱ्याला रस्त्यात कोणी विचारणार नाही. खुद्द वाळीत टाकण्याचंच बघा: एके काळी गावकीचा रीतसर हक्क, आता सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा आहे आणि वाळीत टाकणारा गुन्हेगार. (वाळीत टाकणं थांबलं असं मात्र रायगडात कोणी म्हणू नये.)

मालवणहून

शब्द नको, वाक्य द्या. आमच्याकडे पलीकडचं काही बोललं की म्हणतात, “काय बोलतंस तां तुका तरी कळता काय?” दहा वर्षांनी त्याच गोष्टीवर तोच माणूस म्हणतो, “ह्यां तर मी तेव्हाच सांगी होतंय.” तुमची खिडकी ह्या दोन वाक्यांच्या मध्ये.

गुहागरहून

मालवणकर, लेखाच्या सुरुवातीला हेच घेतो, परवानगी असू दे. पंगतीबद्दलची हरकत पटली. ‘ओव्हर्टनची चौकट’ करतो. मूळ पुठ्ठ्यावरही चौकटच होती, आणि ‘चौकटीबाहेरचं’ म्हटलं की वाचक अडत नाही. फक्त ‘चौकट’ ऐकली की ती भिंतीला पक्की ठोकलेली वाटते, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘सरकती चौकट’ लिहिन. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, “बरं आहे. पण ह्याला दार कुठंय?”