सुट्या भागांच्या काउंटरवर काम करायचे आहे : प्रशिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे?

पहिलीपायरी यांचा प्रश्न :

नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि मला वाहनांच्या सुट्या भागांच्या विभागात, विशेषतः ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्या काउंटरवर, काम करायचे आहे. सध्या माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एका वाहन विक्रेत्याकडे प्रशिक्षणार्थी म्हणून लगेच रुजू होता येईल, किंवा आधी वाहनतंत्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण करून मग नोकरी शोधता येईल. हिशेब, बिले आणि संगणक यांचे मला दडपण नाही; परंतु इंजिन मी कधी उघडलेले पाहिले नाही, आणि एखादा अनुभवी मेकॅनिक भागाचे नाव घेईल तेव्हा तो भाग माझ्या डोळ्यांसमोर येणार नाही, ही अडचण मला खरी वाटते. या कामाला तांत्रिक ज्ञान नेमके किती लागते, ते कोणत्या क्रमाने मिळवावे, आणि ग्राहकसेवेचे म्हणून जे प्रशिक्षण देतात त्यात नम्रपणे बोलण्यापलीकडे काय असते, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

काउंटरवरचा यांचे उत्तर :

इंजिन उघडता येणे ही या कामाची पूर्वअट नाही. मात्र कोणता भाग कशाला जोडलेला असतो, तो काय काम करतो आणि तो झिजला की चालकाला काय जाणवते, एवढे कळलेच पाहिजे. कारण पुष्कळ ग्राहक भागाचे नाव सांगत नाहीत, ते आवाज, थरथर किंवा गळती सांगतात.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडे मी पहिला आग्रह धरतो तो असा, की आधी वाहन ओळखा आणि मगच भाग शोधा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये, एकाच वर्षी तयार झालेल्या दोन गाड्यांना वेगवेगळ्या व्यासाच्या ब्रेक डिस्क असू शकतात, आणि उत्पादन चालू असतानाच कंपनीने पुरवठादार बदलला असेल तर अल्टरनेटरही (गाडी चालू असताना वीज निर्माण करणारा भाग) दोन प्रकारचे निघतात. म्हणून मॉडेलचे नाव आणि वर्ष यांवर न थांबता चासी नंबर मागण्याची सवय लावून घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीचा हा क्रमांक १७ स्थानांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. ग्राहकाने फोनवर ‘ओ’ असे वाचून दाखवले तर तिथे शून्य असणार, हे तुम्हाला न विचारताही कळायला हवे. पहिली तीन स्थाने उत्पादकाची ओळख सांगतात. दहाव्या स्थानावर अनेक उत्पादक मॉडेलचे वर्ष नोंदवतात, परंतु तसे बंधन सर्व देशांत नसल्यामुळे केवळ त्या एका अक्षरावर विसंबू नये. पूर्ण क्रमांक कॅटलॉगमध्ये भरावा.

कॅटलॉग वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यावर तुम्ही सर्वाधिक वेळ घालवावा असे मला मनापासून वाटते. संगणकावरील कॅटलॉगमध्ये प्रत्येक जुळणी सुटी करून दाखवलेली चित्रे असतात. चित्रातील क्रमांकावरून यादीतील ओळ, त्या ओळीवरून पार्ट नंबर आणि त्याच ओळीत त्या वाहनाला तो भाग किती नग लागतो हे मिळते. नवशिके जिथे अडखळतात ती जागा म्हणजे ओळीच्या शेवटी असलेली टीप : अमुक चासी नंबरपर्यंत, अमुक गिअरबॉक्स असल्यास, अमुक तारखेनंतर. जुना पार्ट नंबर रद्द होऊन त्याच्या जागी नवा आलेला असेल तर त्याचीही नोंद तिथे सापडते, आणि काही वेळा नव्या भागासोबत वेगळा बोल्ट किंवा वेगळे गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ न देणारी चकती) घ्यावे लागते. डावे आणि उजवे हे नेहमी चालकाच्या जागी पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ठरते. गाडीच्या समोर उभा राहून बोलणारा ग्राहक बहुतेकदा उलट सांगतो, म्हणून ‘चालकाच्या बाजूचा की शेजारच्या बाजूचा’ असेच विचारावे.

जेव्हा चासी नंबर नसतो आणि हातात फक्त जुना भाग असतो, तेव्हा भागावरील अंक कामी येतात. ६२०३ या बेअरिंगचा आतील व्यास १७ मिलिमीटर असतो. ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतील व्यास मिळतो, म्हणजे ६२०४ चा २० आणि ६२०५ चा २५. इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) ६ पीके १७५० असे असेल तर त्याला लांबीच्या दिशेने सहा उंचवट्याच्या धारा आहेत आणि त्याची लांबी १७५० मिलिमीटर आहे. स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र एका कंपनीचा नियम दुसरीला लावू नये. एनजीकेच्या प्लगमध्ये उष्णतेचा अंक वाढला की प्लग अधिक ‘थंड’ असतो, म्हणजे आपली उष्णता लवकर बाहेर टाकतो, बॉशच्या प्लगमध्ये अंक वाढला की अधिक ‘गरम’. केवळ अंक जुळतो म्हणून एकाच्या जागी दुसरा दिला तर इंजिनाला हानी पोहोचू शकते. तुलनेचा तक्ता उघडून पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे. व्हर्नियर कॅलिपर वापरायला पहिल्याच आठवड्यात शिका.

पाना_हातोडी यांचे उत्तर :

मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझे गॅरेज आहे आणि सुटे भाग मी रोज मागवतो. वरील उत्तरात मोलाची माहिती आहे, तथापि गॅरेजवाल्याची गरज थोडी वेगळी असते ती सांगतो.

भाग येईपर्यंत गाडी लिफ्टवर उघडी पडून राहते आणि तेवढा वेळ त्या जागेवर दुसरे काम घेता येत नाही. म्हणून मला दोन गोष्टी हव्या असतात : भाग केव्हा येईल याची खरी वेळ, आणि त्यासोबत लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची आठवण. टायमिंग बेल्ट मागितला असता त्याला ताण देणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली हव्यात का, आणि त्या इंजिनात पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालत असल्यास तोही बदलायचा आहे का, असे विचारणारी व्यक्ती माझे पुन्हा सगळे उघडण्याचे श्रम वाचवते. ब्रेक पॅड एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्रच बदलतात, हे ज्याला ठाऊक आहे तो ‘एकाच बाजूचे द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला वेळीच समजावू शकतो. याला कोणी जास्तीचा माल गळ्यात मारणे म्हणू नये. ज्या वस्तूची त्या कामात गरज नाही ती सुचवली तर मात्र ते तसेच होते, आणि मेकॅनिकच्या ते लगेच लक्षात येते.

‘पाहून सांगतो’ असे म्हणून फोन ठेवला तर ठरलेल्या वेळी उलट फोन करा, भाग मिळाला नसला तरी करा. भाग नाही हे मला लवकर कळले तर मी दुसरीकडे शोधू शकतो.

साठानोंद यांचे उत्तर :

काउंटरइतकेच महत्त्वाचे प्रशिक्षण गोदामात मिळते. तुम्ही रुजू झालात तर पहिले काही आठवडे माल उतरवून घेण्याच्या कामावर मागून घ्या. खोके उघडणे, पार्ट नंबर बिलाशी ताडणे आणि भाग त्याच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवणे, यातून भागांची नावे आणि रूपे आपोआप डोळ्यांत बसतात. प्रश्नात तुम्ही जी अडचण मांडली आहे, तिच्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

वाणिज्य शाखेचे शिक्षण इथे थेट उपयोगी पडते. जलद खपणारे भाग, मंद खपणारे भाग आणि पडून राहिलेला माल यांची विभागणी करणे; पुरवठा यायला लागणारा काळ आणि त्या काळातील खप पाहून पुन्हा मागणीची पातळी ठरवणे; हे सगळे गणित तुमच्या ओळखीचे आहे. एक नोंद मात्र अनेक ठिकाणी केलीच जात नाही. ग्राहकाने मागितलेला भाग साठ्यात नव्हता म्हणून तो परत गेला, तर ती मागणी विक्रीच्या आकड्यांत कुठेच उमटत नाही, आणि मग तो भाग खपतच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हुकलेली विक्री त्याच क्षणी लिहून ठेवणारी व्यक्ती विभागाला फार उपयोगी ठरते.

साठवणुकीचे नियमही शिकून घ्या. लेड-ॲसिड बॅटरी वापराविना पडून राहिली तरी हळूहळू उतरते, म्हणून आधी आलेली आधी द्यावी आणि मधून मधून तिचा विद्युत दाब (व्होल्टेज) मोजावा. एअरबॅगमध्ये स्फोटक घटक असतो आणि तिच्या साठवणुकीचे वेगळे नियम असतात. टायरच्या बाजूवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. १८२४ असे असेल तर तो टायर २०२४ च्या अठराव्या आठवड्यातला आहे.

पहिलीपायरी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदामापासून सुरुवात करण्याची सूचना मला पटली. आणखी एक विचारते. ग्राहक स्वतःच दोष ठरवून येतो आणि एक विशिष्ट भागच द्या म्हणतो, आपल्याला मात्र शंका असते. अशा वेळी किती बोलावे? तसेच परत आलेल्या भागांचे काय करावे?

सेवाकक्ष यांचे उत्तर :

तुम्ही विचारलेल्या या दोन प्रसंगांतच ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणाचा खरा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

उदाहरण घ्या. ग्राहक गाडीच्या संगणकातून स्कॅनरने वाचलेला पी ०१७१ हा दोषाचा संकेतांक घेऊन येतो आणि ऑक्सिजन सेन्सर मागतो. तो संकेतांक इंजिनात जाणारे मिश्रण इंधनाच्या मानाने विरळ असल्याचे सांगतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही. कारण हवेची गळती असू शकते, मळलेला हवामापक सेन्सर असू शकतो किंवा इंधनाचा दाब कमी असू शकतो. आपण गाडी तपासलेली नाही, म्हणून आपण निदान करू नये. पण ‘या संकेतांकाची आणखीही कारणे असतात, सेन्सर घेण्याआधी तपासून घेतले आहे का?’ एवढे विचारणे हे आपले कर्तव्य आहे. त्यानंतरही त्याला तोच भाग हवा असेल तर तो द्यावा आणि परतीच्या अटी बिल करण्यापूर्वी स्पष्ट सांगाव्यात. विद्युत भाग एकदा बसवले की अनेक विक्रेते परत घेत नाहीत; ही अट भाग परत घेऊन आलेल्या ग्राहकाला प्रथमच कळली, तर पुढचे भांडण आपणच ओढवून घेतलेले असते.

जिथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो तिथे मात्र बोलण्याला मर्यादा ठेवू नये. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉलवर आधारित आहेत, तर डॉट ५ सिलिकोनवर आधारित आहे आणि ते इतरांत मिसळायचे नसते. अंक जवळजवळचे दिसतात म्हणून ग्राहक ५ आणि ५.१ यांची गल्लत करतो. त्या वेळी त्याला थांबवून ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे ते विचारणे आवश्यकच आहे, मागे कितीही रांग असो.

परत आलेला भाग हातात घेतल्यावर आधी ऐकून घ्यावे. खोका फाटला आहे का, भाग बसवल्याच्या खुणा आहेत का, पार्ट नंबर बिलाशी जुळतो का, हे ग्राहकासमोरच पाहावे आणि काय पाहिले ते लिहून ठेवावे. भाग चुकीचा दिला गेला असेल तर तसे सरळ मान्य करून योग्य भागाची व्यवस्था प्रथम लावावी. चूक कोणाची हे नंतर विभागात शोधता येते. वॉरंटीचा दावा असेल तर खरेदीची तारीख, गाडीचे किलोमीटर आणि दोषाचे वर्णन या तीन नोंदींशिवाय तो पुढे सरकत नाही, म्हणून त्या तिथल्या तिथे घ्याव्यात.

काउंटरवरचा :

अभ्यासक्रम की नोकरी, या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. तुमच्या जागी मी नोकरी धरीन आणि जोडीला ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन व विद्युत प्रणाली यांची मूलभूत ओळख करून देणारा अल्पकाळाचा वर्ग संध्याकाळी करीन, कारण कॅटलॉग, साठा आणि ग्राहक हे तिन्ही एकत्र फक्त कामाच्या जागीच भेटतात. विद्युत वाहनांकडेही आतापासून लक्ष असू द्या. त्यांत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि स्पार्क प्लग लागत नाहीत, परंतु टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि वातानुकूलन यांचे भाग लागतातच, आणि नारिंगी रंगाच्या उच्च विद्युत दाबाच्या केबलना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नसतो.

मुलाखतीत तुम्हीही दोन गोष्टी विचारा : कॅटलॉगवर बसायला कधी मिळेल, आणि वर्षभरात गोदाम, काउंटर आणि वॉरंटी या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने काम देणार का. ज्या विभागात प्रशिक्षणार्थीला वर्षभर केवळ बिले करायला बसवतात तिथे वेतन थोडे जास्त असले तरी जाऊ नका.