गप्पांना विषय कुठून काढता? अनुभव लिहा

दहा-बारा जण जमतात, विषय निघतो आणि पाचव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात. कट्टा, वर्ग, मंडळ चालवणाऱ्यांनी आपापल्या युक्त्या सांगाव्यात. 'चालू घडामोडी वाचा' नको, नेमकं लिहा.

गवतीचहा:
विषय ठरवू नका, प्रश्न ठरवा. 'पर्यावरण' म्हटलं की सगळे माना डोलावून गप्प. सोसायटीत 'तळमजल्याने लिफ्टचे पैसे का भरायचे?' हे टाकून बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, कोणी चढो न चढो. पाण्याचा आकार मात्र घरातल्या नळांच्या हिशेबाने. एकाच पुस्तकात दोन न्याय! मग 'सारखं म्हणजे रास्त का?' इथवर गाडी आपोआप जाते. उपविधींतलं ते पान आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवायचं, नाहीतर अर्धा तास नियम काय आहे यावरच जातो. ज्यावरून त्याच आठवड्यात जिन्यात भांडण झालंय तो प्रश्न मात्र महिनाभर बाजूला. तिथे लोक मत मांडत नाहीत, उट्टं काढतात.

खडूफळा:
आठवी-नववीला 'मोबाइल: शाप की वरदान' दिलंत तर पाठ केलेला निबंध ऐकावा लागेल. 'वर्गात कोणी कुठे बसायचं हे कोणी ठरवावं?' एवढं पुरतं. गटात पाच-सहाच, आठ झाले की तिघं बोलतात, बाकीचे खिडकीबाहेर. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची. सुरुवात वर्गातल्या हुशार मुलाकडून नको, पुढचे सगळे त्याचीच री ओढतात.

बर्फातलीमावशी:
परदेशातल्या मंडळात मुलांना 'मराठीचं भवितव्य' देऊ नये. ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, छान झालं, संपलं. 'आजीशी कोणत्या भाषेत भांडता?' विचारा, आईबापांनाही बोलायचं असतं.

चिठ्ठीबहाद्दर:
विषयांचा डबा ठेवलात तर चिठ्ठ्यांवर 'राजकारण', 'महागाई' असे एकेक शब्दच येतात. अट घाला: प्रश्नचिन्ह हवं. 'महागाई'चं 'भाजीच्या पिशवीतून आधी काय कमी होतं?' झालं की प्रत्येकाकडे उत्तर असतं. डब्यातून निघालेला प्रश्न आधी दोघांना वेगवेगळा विचारायचा. दोघांचं उत्तर एकच आलं तर चिठ्ठी फाडा.

गवतीचहा:
@चिठ्ठीबहाद्दर, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर याच प्रश्नाला 'आमच्या वेळी' सुरू होतं. तोडू नका. 'साल कोणतं? शेरभर की किलो?' एवढंच विचारा.