'स्टेल्थ'ला मराठीत काय म्हणावं: अदृश्य, चोरटं की बेमालूम?

जिवाजीगंज
गणेशोत्सवात आमच्या मंडळातर्फे लढाऊ विमानांवर मराठी फलक लावायचे आहेत. 'स्टेल्थ फायटर'साठी, म्हणजे रडारला सहज न सापडणाऱ्या लढाऊ विमानासाठी, मी 'अदृश्य लढाऊ विमान' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'रडारभेदी' केलं. मला दोन्ही खटकतात. मथळ्यात जेमतेम दोन शब्दांची जागा आहे. काय लिहावं? आणि इथली ग्वाल्हेरची हिंदी वर्तमानपत्रं 'स्टील्थ' छापतात, तर मराठीत 'स्टेल्थ'च ना?

शिंदेछावणी
'स्टेल्थ'च. मूळ उच्चारात ए आहे, ई नाही.

'रडारभेदी' मात्र आजच काढा. चिलखतभेदी गोळा चिलखत फोडतो, शब्दवेधी बाण आवाजाचा वेध घेतो. स्टेल्थ विमान रडारचं काहीच फोडत नाही. रडार शाबूत असतं, लहरी सोडत असतं, त्या विमानावर आदळतही असतात. फक्त परत येणारा अंश इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडून जातो.

दालबाजार
आणि 'अदृश्य' तितकंच चूक. डोळ्यांना ते लख्ख दिसतं. रडारलाही जवळ आलं की दिसतंच. रडारचा पल्ला परावर्तनाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात घटतो. १ चौरस मीटरचं लक्ष्य एखाद्या रडारला २०० किलोमीटरवर दिसत असेल, तर ०.१ चौरस मीटरचं सुमारे ११२ किलोमीटरवर दिसेल. म्हणजे परावर्तन दहापट कमी करूनही पल्ला निम्मासुद्धा होत नाही. पल्ला दहापट कमी करायचा तर परावर्तन दहा हजारपट कमी करावं लागतं, तेव्हा कुठे ते २० किलोमीटरवर येतं. शब्दात 'उशिरा दिसणारं' हा अर्थ हवा, 'न दिसणारं' नको.

राजवाडा_इंदूर
मराठी वर्तमानपत्रांत 'रडारला चकवा देणारे' किंवा 'रडारला गुंगारा देणारे' हे रुळलेलं आहे. लोकांना कळतं. ते का नको?

शिंदेछावणी
कारण चकवा ही वेगळी गोष्ट आहे, दादा. चकवा लागतो तेव्हा माणसाला वाट दिसत असते, पण भलतीच. विमानातून सोडलेल्या धातूच्या चंदेरी पट्ट्या, दोरीने ओढत नेलेलं खोटं लक्ष्य, रडारला खोटे ठिपके दाखवणारं उपकरण, हे सगळे खरे चकवे. त्यात रडारला जास्त दाखवलं जातं. स्टेल्थमध्ये कमी. 'चकवा' इथे खर्च केला तर त्या उपकरणांसाठी शब्द उरणार नाही.

गुंगारा देण्यात आधी हाती सापडून मग निसटणं आहे. इथे सापडणंच नाही.

तानसेननगर
मराठीत 'चोर' हे उपपद तयार आहे आणि त्याचा चोरीशी संबंध नाही: चोरवाट, चोरदरवाजा, चोरखिसा, चोरकप्पा. अर्थ एकच, सहज लक्षात न येणारं. इंग्रजी 'स्टेल्थ'सुद्धा 'स्टील' म्हणजे चोरणे या क्रियापदाच्याच घरातला. दोन भाषा स्वतंत्रपणे एकाच वाटेने गेल्या, मग आपण संस्कृतकडे का धावायचं? 'चोरविमान' म्हणा. शस्त्रं पंखाखाली न टांगता पोटातल्या ज्या बंद खणात ठेवतात, त्याला तर 'चोरकप्पा' याहून नेमका शब्द नाही. टांगलेली क्षेपणास्त्रं, त्यांचे आधार, सगळ्या खाचाकोपऱ्यांतून लहरी परततात. म्हणून तर तो कप्पा.

मुरार
चोरकप्पा मान्य. पण 'चोरविमान' वाचून निम्मे लोक चोरीचं विमान समजतील. वायुदलाच्या विमानाला चोर म्हणणं मला पटत नाही, विशेषतः आपल्या गावात, जिथे महाराजपुऱ्याच्या तळावर १९८५ पासून मिराज लढाऊ विमानं उडताहेत.

माझा शब्द: दुर्लक्ष्य. ज्याला लक्ष्य करणं दुष्कर ते.

दालबाजार
'दुर्लक्ष्य' फलकावर लिहिलंत की पहिला वाचणारा 'दुर्लक्ष' वाचेल. एका 'य'वर सगळा अर्थ टांगलेला शब्द चालत नाही.

मी 'बेमालूम' सुचवते. बेमालूम रफू, बेमालूम मिसळणं. वस्तू आहे, समोर आहे, पण कळून येत नाही. तंत्राचा अर्थ इतका तंतोतंत देणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मुरार
फारसी आहे, ताई. फारसी शब्द काढून प्रतिशब्द देण्याचं काम शिवकाळापासून चालू आहे. 'दिनांक', 'महापौर' हेही सुरुवातीला अवघडच वाटले होते. नवीन वस्तूला तरी आपला शब्द द्यावा.

दालबाजार
चारशे वर्षं मराठीत नांदलेला शब्द परका कसा? आणि 'तारीख' कुठे गेली? बोलताना आपण सगळे तीच वापरतो.

शिंदेछावणी
शब्द कुठलाही घ्या, फलकावर 'विशेष रंग लावल्यामुळे रडारवर दिसत नाही' असं लिहू नका. ही चूक सगळीकडे आहे. मुख्य काम आकार करतो, लेप नंतर.

१ चौरस मीटरचा सपाट पत्रा ३ सेंटीमीटर लांबीच्या लहरींसमोर अगदी काटकोनात धरला तर त्याचं परावर्तन सुमारे १४,००० चौरस मीटरच्या लक्ष्याइतकं येतं. तोच पत्रा पाच-दहा अंश कलला की मुख्य झोत भलतीकडे निघून जातो. म्हणून एफ-११७ या अमेरिकी स्टेल्थ विमानाचं अंग सपाट पैलूंचं होतं. हे गणित १९६२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ उफिमत्सेव्ह यांनी कडांवरून विखुरणाऱ्या लहरींवर मांडलं आणि विमान अमेरिकेत बनलं. पुढच्या विमानांत संगणकाच्या बळावर वक्र पृष्ठं आली, पण नियम तोच: सगळ्या कडा मोजक्या दिशांना समांतर ठेवायच्या, म्हणजे जे परतेल ते त्या दोन-चार दिशांनाच. झाकणांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात त्या यासाठी.

सर्वांत घातक म्हणजे काटकोन. दोन पृष्ठं काटकोनात भेटली की लहर दोनदा उसळून आली त्याच वाटेने परत जाते. मिराजचं उभं शेपूट आणि आडवा पंख हाच काटकोन करतात. एफ-२२ या नंतरच्या स्टेल्थ विमानाची दोन शेपटं उभ्यापासून २८ अंश कललेली आहेत. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारी पातीही जोरदार परावर्तन देतात, म्हणून हवेची वाट नागमोडी करून ती नजरेआड ठेवतात.

राजवाडा_इंदूर
मग 'चौरस मीटर' कशाचे? विमानाचे तर नाहीत. पाठ्यपुस्तकी मराठीत 'काटछेद' म्हणतात.

शिंदेछावणी
'काटछेद' इथे दिशाभूल करतो. काहीच कापलेलं नाही. ज्या धातूच्या गोळ्याइतकं परावर्तन येतं, त्या गोळ्याच्या वर्तुळाचं ते क्षेत्रफळ. १ चौरस मीटर म्हणजे १.१३ मीटर व्यासाचा गोळा. त्याच विमानाचा आकडा समोरून एक, बाजूने दुसरा, खालून तिसरा. म्हणून 'पडसाद-क्षेत्र' म्हणावं.

मुरार
पडसाद आवाजाचा असतो.

तानसेननगर
पडसाद बातमीचेही उमटतात, लहरींचे का नाही?

मुरार
बरं, मग लेपाला 'रंग' तरी म्हणू नये. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म गोलक असतात, लहरीची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. 'शोषक लेप' म्हणावं.

दालबाजार
हे मान्य. आणि लेपाची मर्यादाही लिहा. पाव तरंगलांबीवर बेतलेला थर १० गिगाहर्ट्झच्या तीन सेंटीमीटर लहरीला साडेसात मिलिमीटर पुरतो, पण १५० मेगाहर्ट्झच्या दोन मीटर लहरीला अर्धा मीटर जाड लागेल. तो विमानावर बसवणार कुठे? शिवाय इतक्या लांब लहरींना शेपूट, पंखाची टोकं हे त्यांच्याच मापाचे तुकडे वाटतात, बारीक आकाराचा उपयोग उरत नाही. २७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ पडलं, तिथे टेहळणीचं रडार अशाच लांब लहरींचं होतं.

तानसेननगर
लेपापेक्षा फटी जास्त त्रास देतात. दुरुस्तीसाठी एक झाकण उघडलं की स्क्रू पुन्हा नेमक्या पातळीत बसवायचे, फट भरायची, घासायची, वर पट्टी आणि लेप, मग तो सुकेपर्यंत थांबायचं. एखादा स्क्रू केसभर वर राहिला तरी परावर्तन वाढतं. पाऊस आणि वाळू पुढच्या कडांवरचा लेप खरवडतात ते निराळंच. या भरण्याला मराठीत सरळ 'लांबी भरणे' म्हणता येईल. रंगारी तेच म्हणतात.

राजवाडा_इंदूर
आमच्याकडे 'पुट्टी' म्हणतात. 'लांबी' म्हटलं तर लोक विमानाची लांबी समजतील.

तानसेननगर
पुट्टी भिंतीवर पसरतात. फटीत दाबतात ती लांबी.

जिवाजीगंज
फलक शुक्रवारी छापायला जातोय. 'चोरकप्पा' आणि 'शोषक लेप' घेतले, 'रडारभेदी' काढलं. मथळ्याची जागा अजून कोरी आहे.

मुरार
'दुर्वेध' कसं वाटतं? वेध घ्यायला कठीण.

दालबाजार
'दुर्बोध' वाचतील.