पॉलिग्राफ परीक्षक व्हायचंय : कोणतं प्रशिक्षण खरं धरायचं?

मोगरा_अमरावती :
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा मानसशास्त्रात एम.ए. झाली. तिला पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, शिकून पोलीस तपासाच्या कामात जायचंय. एका खासगी संस्थेचा पाच दिवसांचा ऑनलाइन कोर्स सापडलाय, शेवटी ‘सर्टिफाइड पॉलिग्राफ एक्झामिनर’ असं प्रमाणपत्र देतात. सोमवारपर्यंत फी भरायची आहे. घरात कोणालाच यातलं कळत नाही. भरू का?

जुना_तक्ता :
ताई, अजिबात भरू नका. मी प्रयोगशाळेत याच कामावर होतो, म्हणून कळकळीने सांगतो. वकिलाला सनद लागते, तशी पॉलिग्राफवाल्याला सनद देणारी परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘सर्टिफाइड’ हा शब्द कोणीही छापतो. अमेरिकन पॉलिग्राफ असोसिएशन मूळ अभ्यासक्रमाला मान्यता देताना किमान 400 तास मागते, शिवाय सभासदांना दर दोन वर्षांत 30 तासांचं पुढचं शिक्षण घ्यावं लागतं. तुमच्या पाच दिवसांचे, रोज आठ तास धरले तरी, 40 होतात.

यंत्र हाताळणं लवकर जमतं. छाती-पोटाला श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना दोन पट्ट्या. खरी कसोटी हे सगळं लावायच्या आधी असते. प्रत्येक प्रश्न समोरच्याला आधी वाचून दाखवायचा, त्याला तो नेमका काय समजला ते बघायचं. नवखा असताना एका खुनाच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘तू त्याला मारलंस का?’ वरिष्ठांनी ते खोडलं आणि विचारलं, ‘मारलंस म्हणजे थोबाडीत की जिवे?’ त्या माणसाने आदल्या दिवशी मयताला चारचौघांत थोबाडीत दिली होती! खून केला नसता तरी त्या प्रश्नावर यंत्राने काढलेला श्वास-रक्तदाबाचा तक्ता उसळला असता. मग प्रश्न झाला, ‘शनिवारी रात्री तू त्याच्यावर कुऱ्हाडीने वार केलास का?’ शेजारी बसून खोडणारं कोणी नसेल तर हे येत नाही.

कोर्टाची_पायरी :
वकील म्हणून भर घालते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, 5 मे 2010. संमतीशिवाय चाचणी घेता येत नाही, आणि संमतीने घेतली तरी तिचा निकाल हा पुरावा नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर गोष्ट वेगळी. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, आरोपीला वकील मिळू द्यायचा, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 सालीच सांगितलंय. ज्या अभ्यासक्रमात हे नाही, तो शिकलेली मुलगी उद्या आरोपीचे हक्क तुडवेल आणि तिला कळणारही नाही.

शंकासुर :
पण मुळात पॉलिग्राफवर विश्वास ठेवावा का?

जुना_तक्ता :
रास्त शंका. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा 2003 चा अहवाल सांगतो की विशिष्ट घटनेबाबतची चाचणी अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरीच चांगली, पण बिनचूक होण्यापासून खूप दूर. सरसकट कर्मचारी गाळायला तर ती पुरेशी अचूक नाहीच. भाचीने हे आधी वाचावं. ‘निर्णायक उत्तर नाही’ असं लिहायला ज्याचा हात अडतो, त्याने या खुर्चीत बसू नये.

मोगरा_अमरावती :
मग तिने शिकावं कुठे?

जुना_तक्ता :
गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक मानसशास्त्राची एम.एस्सी. आहे, ती बघा. नाहीतर राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांमधल्या मानसशास्त्राच्या जागांवर लक्ष ठेवा; हात तिथेच बसतो. कोणतीही संस्था असो, दोनच गोष्टी विचारा : देखरेखीखाली प्रत्यक्ष चाचण्या किती करायला मिळतील आणि तिने काढलेला तक्ता दुसरं कोण तपासणार?

मोगरा_अमरावती :
आज संस्थेला फोन करून दोन्ही विचारलं. म्हणाले, नमुन्याचे तक्ते पीडीएफमध्ये पाठवू, तपासायची गरज पडत नाही. फी भरली नाही. भाची गांधीनगरच्या प्रवेशाची माहिती काढतेय. तक्तेदादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, सवडीने बघा.