मदत हवी आहे: 32 बिट विंडोज 10 वरून विंडोज 11 वर जाण्यापूर्वी डीटीपीच्या संगणकावर काय तपासावे?

सर्व जाणकारांना नमस्कार.

नाशिकला रविवार कारंजा परिसरात आमचे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, संस्थांचे अहवाल ही सारी कामे ज्या संगणकावर चालतात, त्यावर 32 बिट विंडोज 10 आहे. या प्रणालीचा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ग्राहकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच संगणकाला लागत असल्याने सुरक्षा अपडेटशिवाय तो वापरत राहणे मला पटत नाही.

प्रोसेसर आठव्या पिढीचा आय 5 आणि रॅम 8 जीबी आहे. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी या नावाने असते; ते बंद होते, ते सुरू झाले. तेथे अडचण नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. विंडोज 11 केवळ 64 बिटमध्ये येते आणि 32 बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, ती नव्याने टाकावी लागते. त्यामुळे अपग्रेडनंतर 10 दिवसांत जुन्या प्रणालीवर परतण्याची सोयही मिळणार नाही. शिवाय 32 बिटचे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) विंडोज 11 वर चालत नाहीत. ट्रेसिंग (छपाईसाठी अर्धपारदर्शक कागदावरची प्रत) काढण्याच्या लेझर प्रिंटरचा 64 बिट ड्रायव्हर मिळाला, पण मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर ज्या यूएसबी लॉकवर (परवाना तपासणाऱ्या, पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर) चालते, त्याच्या सीडीत फक्त 32 बिट ड्रायव्हर आहे. जुन्या पत्रिका युनिकोडपूर्व (आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत न वापरणाऱ्या) फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. विंडोजची पात्रता तपासणी यातले काहीच सांगत नाही.

म्हणून जुनी डिस्क काढून जशीच्या तशी ठेवावी आणि विंडोज 11 नव्या एसएसडीवर यूईएफआय (संगणक सुरू होण्याच्या नव्या) पद्धतीने टाकावी, असे ठरवले आहे. जुनी डिस्क एमबीआर (जुन्या विभागणी पद्धतीची) असल्याने तिच्यावरून संगणक पुन्हा सुरू करायचा झाल्यास बायोस लेगसीवर (सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर) न्यावे लागेल, हे लक्षात आहे.

लॉकचा 64 बिट ड्रायव्हर न मिळाल्यास व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 32 बिट विंडोज 10 इंटरनेटशिवाय ठेवून यूएसबी लॉक तिला जोडण्याचा विचार आहे. असे कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? लॉक मध्येच सुटतो का, आणि त्यातून काढलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरे नीट उमटतात का? सिंहस्थाच्या छपाईची कामे सुरू होण्याआधी हा बदल पूर्ण करायचा आहे, त्यामुळे डिस्क काढण्यापूर्वी आणखी काय तपासावे तेही कृपया सांगावे.