थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड परस्पर बदलणं बंद व्हायला हवं की नको?

हिरवीमिरची_प्रतापनगर
नऊ वर्षं एकाच कंपनीची थायरॉइडची गोळी घेतेय, 75 मायक्रोग्रॅमची. जूनमध्ये टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, औषध कमी पडलं की चढतो, जास्त झालं की उतरतो) 7.8 आला म्हणून डॉक्टरांनी 100 केली. मेडिकलवर माझी नेहमीची बाटली नव्हती. त्याने दुसऱ्या कंपनीची पट्टी हातावर ठेवली, म्हणे "ताई, आत औषध तेच आहे." दीड महिना झाला. छातीत धडधड, रात्री दोनला टक्क जाग. परवा निरांजन लावताना हात असा थरथरला की तीन काड्या वाया गेल्या. न विचारता ब्रँड बदलायची मुभाच नको, असं माझं मत.

गोळ्यावाला_मानेवाडा
ताई, मी स्वतः काउंटरवर बसतो, म्हणून विचारतो. डोसही त्याच दिवशी वाढला ना? मग दोष एकट्या ब्रँडला काउन?

रामदासपेठची_पेशंट
कारण या औषधात थोड्या फरकानेही बिघडतं. उगाच का 88 आणि 112 अशा गोळ्या निघतात? अमेरिकेत 2007 मध्ये नियम कडक केला, की एक्स्पायरीपर्यंत गोळीत 95 ते 105 टक्के औषध राहिलंच पाहिजे. आधी 90 चालायचं. फ्रान्समध्ये 2017 ला तर कंपनीही तीच होती. फक्त गोळीतल्या भरीच्या पदार्थांत लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं, आणि हजारो तक्रारी आल्या. शेवटी जुनी गोळी काही काळ परत आणावी लागली.

बर्डीचा_बावा
न्यूझीलंडचंही सांगा ना मग. तिथंही 2007 मध्ये गोळीचं रूप बदललं, तक्रारींचा पूर आला. तपासलं तर आतलं औषध बरोबर होतं, आणि बातम्या जास्त झळकल्या तिथं तक्रारीही जास्त. लोकं खोटं बोलत होते असं नाही म्हणून राहिलो. पण भीतीनंही धडधडतं बाप्पा.

हिरवीमिरची_प्रतापनगर
म्हणजे माझ्या मनाचे खेळ? कालचा टीएसएच 0.12 आहे. रिपोर्टही घाबरला का?

बर्डीचा_बावा
हा मात्र घाबरून येत नाही. शब्द मागे.

खारीबिस्कीट
मला तर ब्रँड बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी डोकेदुखी!

गोळ्यावाला_मानेवाडा
@खारीबिस्कीट, थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, रक्तात अर्धं व्हायलाच आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी औषध कमी-जास्त झाल्याची नसणार.
@हिरवीमिरची, 0.12 म्हणजे डोस जास्त होतोय, वादच नाही. जुनी बाटली कुठे ठेवायच्या?

हिरवीमिरची_प्रतापनगर
फ्रिजवर. सकाळी उठल्याबरोबर दिसावी म्हणून. का?

गोळ्यावाला_मानेवाडा
हेच ते! मे महिना, बाहेर 45, फ्रिजच्या डोक्यावर त्याची स्वतःची गरमी, आणि वर कूलरची दमट हवा. थायरॉक्सिनला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. शंभर गोळ्यांची बाटली, रोज झाकण उघडायचं. जुनी गोळी उतरली असेल, म्हणून जूनमध्ये टीएसएच चढला, म्हणून डोस वाढला. मग मिळाली ताजी, पूर्ण ताकदीची.

रामदासपेठची_पेशंट
तर्क छान, पण पुरावा कुठे? आणि दुकानाच्या पत्र्याच्या पोटमाळ्यावर औषधं कोणत्या थंडाव्यात असतात, तेही बोला की. माझं म्हणणं साधं आहे. बदलायची तर सांगून बदला, म्हणजे माणूस सहा आठवड्यांनी टीएसएच करून घेईल. गुपचूप पट्टी सरकवली तर तो कशाला करेल?

गोळ्यावाला_मानेवाडा
सांगायलाच पाहिजे, मान्य. पण बंदीच घातली तर नेहमीची नसेल त्या दिवशी पेशंट रिकाम्या हाताने जाईल. जनऔषधीवर स्वस्त घेणाऱ्यांचं काय मग?

धरमपेठची_आजी
आणि कॅल्शियमची गोळी? माझी सून थायरॉइडच्या गोळीसोबतच गिळायची. चार तासांचं अंतर ठेवलं तर टीएसएच खाली आला, ब्रँड तोच.

हिरवीमिरची_प्रतापनगर
आजी, कॅल्शियम मी घेतच नाही.
डॉक्टरांकडून आत्ताच आले. 75 वर परत आणलंय, कंपनी नवीच ठेवा म्हणाले, तपासणी सहा आठवड्यांनी. फ्रिजवरचं ऐकून हसले, नाही म्हणाले नाहीत. पट्टी बेडरूमच्या कपाटात गेली. पण मेडिकलवाल्यावरचा राग तसाच आहे. एक फोन करायला काय जात होतं त्याचं?