क्वाटरमास: शेवटचा राक्षस दाखवायलाच नको होता!

रात्रपाळी:
हॅमर या ब्रिटिश कंपनीचा १९५५चा 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' हा सिनेमा काल पुन्हा पाहिला. शास्त्रज्ञ क्वाटरमासच्या रॉकेटनं तिघे अंतराळात जातात, परततो एकटा कॅरून. उरलेल्या दोघांचे नुसते पोशाख, आत माणूसच नाही! कॅरूनमध्ये काहीतरी शिरलंय. कॅरून झालेल्या रिचर्ड वर्ड्सवर्थला संवाद जवळपास नाहीतच. सगळं काम ते खोल गेलेले डोळे करतात. इस्पितळात तो निवडुंगावर मूठ आपटतो आणि मग तो हात लपवत फिरतो, तिथं मला घाम फुटला. आणि शेवटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये राक्षस म्हणून काय, तर वजडी आणि रबराचा गोळा. परवडत नव्हता तर दाखवायचा कशाला?

पिटातला प्रेक्षक:
वजडीला नावं ठेवू नका हो, आमच्याकडे रविवारी असते. पण दाखवला नसता तर तुम्हीच 'फसवलं' म्हणून बोंब मारली असती. जाहिरातीत प्रौढांसाठीचं 'एक्स' प्रमाणपत्र मिरवायला नावातल्या 'Experiment'चं स्पेलिंगसुद्धा बदलून 'Xperiment' केलं होतं; लोक राक्षस बघायलाच येणार ना?

जुनी रीळ:
राक्षस सोडा, मला त्याचं मरण खटकतं. हा सिनेमा ज्यावरून काढला त्या १९५३च्या बीबीसी मालिकेत लेखक नायजेल नीलचा क्वाटरमास त्या जीवात विरघळलेल्या माणसांनाच साद घालतो. सिनेमात बॅटरसी वीजकेंद्राची वीज सोडली, खेळ खलास. वर सिनेमातला क्वाटरमास, ब्रायन डॉनलेव्ही, सगळीकडे मुकादमासारखा खेकसतो. खुद्द नीलला डॉनलेव्ही आवडला नव्हता.

पिटातला प्रेक्षक:
मालिकेच्या सहापैकी शेवटचे चार भाग शिल्लकच नाहीत, तुलना कशाशी करताय? संहितेशी? आणि तिथला राक्षस म्हणजे ॲबीच्या फोटोला भोक पाडून आत घातलेले नीलचे हातमोजे! डॉनलेव्हीचं खेकसणं मला तर पटतं. एवढं सगळं होऊनही जो माणूस लगेच दुसरं रॉकेट सोडायला निघतो, तो मवाळ कसा असेल?

जुनी रीळ:
संहिता वाचूनही अंगावर काटा येतो, एवढंच म्हणेन.

रात्रपाळी:
हातमोज्यांचं माहीत नव्हतं, मानलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. कॅरूनला ती बाहुलीवाली लहान मुलगी भेटते आणि तो तिला इजा न करता पळ काढतो, तिथं त्याच्यात माणूस किती उरलाय ते कळतं. माझा सिनेमा तिथंच संपतो. पुढची वजडी ज्याची त्यानं चाखावी.